सासूबाईंचं गोड बोलणं

भायखळ्याहून आम्ही मीरा रोडला राहायला आलो तेव्हा सासूबाई महानगरपालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. शाळा सुटली, पण चुका काढणं सुटलं नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं तर त्या सांगायच्या आणि बरोबर झालं तर काहीच सांगायच्या नाहीत. त्या गप्प आहेत म्हणजे जेवण बरं झालंय, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी शिकले.

भाईंदरला एका शाळेचा हॉल रविवारपुरता भाड्याने घेऊन आमची मराठी ख्रिस्ती मंडळी उपासना करायची. तिथेही हेच. बायबलमधला शास्त्रपाठ वाचणाऱ्याचा 'ण' चुकला की सासूबाई मान हलवायच्या. पाळकसाहेबांचा संदेश लांबला की घड्याळ काढून मांडीवर ठेवायच्या. त्यांच्या मनात वाईट नसायचं. चूक दाखवली नाही तर माणूस सुधारणार कसा, असं त्यांना मनापासून वाटायचं.

त्या वर्षी मंडळीत एक नवीन जोडपं आलं होतं. नवरा काशीमीऱ्याला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक, बायको जालन्याकडची, विशी-बाविशीची. तिने एका रविवारी पहिल्यांदाच एकटीने भजन म्हटलं. आवाज मोकळा होता, थोडा कापत होता. उपासनेनंतर चहाच्या वेळी सासूबाई शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "आवाज फाटकाय आणि उच्चार तर विचारू नका. देवाला सगळं चालतं, पण ऐकणाऱ्यांचं काय?"

ती मुलगी मागेच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी तिचा चेहरा पाहिला. सासूबाईंनी पाहिला नाही. तिने पुढे येऊन त्यांना कप दिला, हळूच काहीतरी बोलली आणि निघून गेली. त्यानंतर तिचा नवरा एकटाच उपासनेला येऊ लागला.

मग काही आठवड्यांनी आमच्या घरात विचित्र प्रकार सुरू झाला. एका संध्याकाळी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "वांगी छान झालीत हं."

माझा हात ताटातच थांबला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आत गेल्यावर त्याने विचारलं, "आईचं बीपी बघितलंस का अलीकडे?"

मलाही तीच शंका आली होती. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या इस्त्रीच्या साडीला चांगली म्हणाल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "एवढा प्रवास करून येतोस आणि तरी पोरांशी शांतपणे बोलतोस." तो इतका बावरला की पाणी न पिताच उठला.

नगरला माझी नणंद असते. तिला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "काहीतरी हवंय तिला. नाहीतर काहीतरी लपवतेय. तू डॉक्टरकडे ने."

मी नेलं. डॉक्टर सगळं तपासून म्हणाले, वयाच्या मानाने प्रकृती उत्तम आहे. सासूबाई उठता उठता त्यांना म्हणाल्या, "तुम्ही ऐकून घेता नीट. फार कमी डॉक्टर ऐकतात." डॉक्टर खूश झाले. माझा संशय आणखी वाढला.

मंडळीतही कुजबुज चालू झाली होती. सासूबाई पेटी वाजवणाऱ्या काकांना चांगलं म्हणाल्या, संडे स्कूलच्या मुलींना चांगलं म्हणाल्या, इतकंच काय, ज्या बाईंशी त्यांचं अनेक वर्षं पटत नव्हतं, त्यांना स्वतःहून सलाम करून त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. त्या बाई दचकून दोन पावलं मागेच सरकल्या. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक वयस्कर गृहस्थ मला जिन्यापाशी गाठून म्हणाले, "खरं सांगा, तुमच्या सासूबाई यंदा पंचमंडळाला उभ्या राहतायत का? नाही, म्हणजे आम्हाला तयारी करायला बरं."

मी म्हटलं, "मला काही बोलल्या नाहीत." पण घरी येईपर्यंत मलाही ते पटायला लागलं होतं. दुसरं कारण सुचत नव्हतं.

मग शेजारच्या गुजराती काकींनी नवीनच खबर दिली. "तुम्हारी सासूजी हर गुरुवार दोपहर को कहाँ जाती हैं? काशीमीरा के रिक्षा में बैठते देखा मैंने."

सासूबाई मला याबद्दल कधीच काही बोलल्या नव्हत्या. मी ऑफिसातून येते तेव्हा त्या घरीच असायच्या, चहा ठेवलेला असायचा. काशीमीऱ्याला काय आहे? ट्रक, गोदामं, हॉटेलं. मला भलतेसलते विचार येऊ लागले. कुणी भोंदू प्रार्थना करणारा गाठला असेल, फ्लॅट विकायला एजंट बघत असतील. पुढच्या गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शेअर रिक्षाच्या स्टँडवर एका मेडिकलच्या आडोशाला उभी राहिले. कुणी ओळखीचं दिसलं असतं तर काय सांगितलं असतं, देव जाणे.

सासूबाई आल्या, रिक्षात बसल्या, आणि मी लपलेलीच आहे असं मला वाटत असताना म्हणाल्या, "ये, बस. उन्हात कशाला उभी राहतेस?"

मी मुकाट्याने बसले. हायवेला उतरून आम्ही गॅरेजच्या रांगेमागच्या एका बैठ्या चाळीत गेलो. एका दाराशी त्यांनी टकटक केलं. साखळी न काढताच दार बोटभर उघडलं. आत तीच मुलगी होती.

"पुन्हा आलात?" ती म्हणाली. "मी मागच्या वेळेलाच म्हणलं ना, माझं काही म्हणणं न्हाई. तुमी कशापायी येता? पाळकांनी धाडलं का?"

"नाही. मीच आले."

"मंग पंचांची निवडणूक असंल."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"तुझ्या गाण्याबद्दल मी बोलले ते तू ऐकलंस," त्या म्हणाल्या. "ते बोलायला नको होतं. तू मंडळीत परत यावंस, गावंस, एवढंच सांगायला येते."

"मला आता गायाचं न्हाई."

"गायचं," सासूबाई म्हणाल्या.

तोंडातून निघून गेलं. आयुष्यभराची सवय. त्या मुलीने दार लावून घेतलं.

परतीच्या रिक्षात सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. त्या रडत होत्या की स्वतःवर चिडल्या होत्या, कळेना. मी शेवटी विचारलं, "आई, हे सगळं काय चाललंय? घरात, मंडळीत, इथे?"

"त्या दिवशी चहा देताना ती मला काय म्हणाली, माहितीय?" त्या म्हणाल्या. "म्हणाली, 'बाई, तुमी शास्त्रपाठ वाचला की सगळं कळतं. आमच्या गावात असं कुणी वाचत नव्हतं.' माझं बोलणं ऐकल्यावर म्हणाली ती हे. मला वाटलं, टोमणा मारतेय. घरी आल्यावर मी कितीतरी दिवस त्यातला टोमणा शोधत होते. आवाज आठवला, चेहरा आठवला. सापडला नाही गं. तिला खरंच तसं वाटत होतं." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मला मंडळीत कुणी सांगितलं नव्हतं की मी वाचते ते कुणाला हवं असतं. मग वाटलं, मीसुद्धा कुणाला कधी सांगितलं नाही. म्हणून सांगत सुटले. तुम्ही सगळे असे बघता की जणू मी चोरी केलीय."

खरं सांगायचं तर तेव्हाही माझा पूर्ण विश्वास बसला नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा रजा घेतली. या वेळी मुलीने साखळी काढली, पण आत बोलावलं नाही. हाताची घडी घालून उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मंग सांगा. गाण्यात काय चुकलं होतं?"

मी मनात म्हटलं, आता आई 'काहीच नाही, फार सुंदर होतं' म्हणणार. सगळ्यांना तसंच वाटलं असतं. सासूबाईंनी विचार केला. मग हळू म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत तू श्वास फार लवकर घेतेस. घाबरतेस म्हणून. त्यामुळे शेवटचा शब्द तुटतो. आवाज फाटका नाही. ते मी खोटं बोलले. तुझा आवाज भरलेला आहे, त्याला फक्त धीर हवाय. आणि उच्चार तुझ्या आईचे आहेत, ते तसेच राहू देत."

तिने हाताची घडी सोडली आणि म्हणाली, "आता खरं वाटलं. नुसतं ग्वाड बोलला असतात तर मी दारच उघडलं नसतं परत." आणि बाजूला झाली. "या आत. चहा टाकते."

आत एकच खोली होती, स्टोव्हवर पातेलं चढलं. चहा होईपर्यंत तिने दोघींना दुसरी ओळ म्हणून दाखवली. सासूबाईंनी हाताने खूण करून तिला श्वास कुठे घ्यायचा ते दाखवलं. बाहेर कुणीतरी ट्रकचं चाक ठोकत होतं, त्याच्या आवाजातही तिचा आवाज स्पष्ट येत होता.

ती लगेच मंडळीत आली नाही. दोनतीन रविवार गेले. नंतर आली तेव्हा नवऱ्याबरोबर मागे, दरवाज्याजवळ बसली. आमच्याकडे पाहून हसली नाही. पण नाताळच्या तयारीला गाणाऱ्यांमध्ये उभी राहिली, आणि दर गुरुवारी आमच्या घरी सरावाला येऊ लागली. सासूबाई अधूनमधून जुन्या वळणावर जायच्या. माझ्या आमटीत मीठ कमी पडलं तर सांगायच्याच. फरक इतकाच, की बरी झाली तर तेही सांगायच्या, आणि आम्हाला ते ऐकायची हळूहळू सवय झाली.

दोनेक वर्षांनी ते जोडपं वसईला राहायला गेलं. तिथल्या मंडळीत ती संडे स्कूलच्या मुलांना गाणी शिकवते, असं तिच्या नवऱ्याने फोनवर सांगितलं. सासूबाईंनी फोन मागून घेतला, तिला द्यायला सांगितला आणि विचारलं, "मुलांना चांगलं झालं की सांगतेस ना?"

पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. सासूबाई मात्र बराच वेळ फोन कानाला लावून ऐकत उभ्या होत्या.