येळवशीची आंबील

काल येळवशीची, वेळ अमावस्येच्या सणाची म्हणून शेजारच्या काकूंनी वाटीभर आंबील आणून दिली. ताक, ज्वारीचं पीठ आणि लसूण यांचा तो आंबूस वास आला, आणि परभणीच्या फ्लॅटमधून मी थेट सोनपेठकडच्या आमच्या शेताच्या वाटेवर जाऊन पोचले.

त्या वर्षी माझी तान्ही लेक तापानं गेली होती. कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, जगावंसंही वाटत नव्हतं. त्यात हा काळ्या आईचे उपकार मानायचा सण! कशाचे उपकार?

"मी न्हाई येत," मी म्हटलं.

सासूबाईंनी ऐकलंच नाही. काठोकाठ भरलेलं आंबिलीचं मडकं त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलं. "शेत येईस्तोवर खाली टेकवायचं न्हाई, बाई. धर दोन्ही हातांनी."

वाटेत बिनकठड्याची विहीर होती. कितीतरी दिवस माझ्या मनात तीच होती. तिच्यापाशी पाय थांबले. पण डोक्यावर साऱ्या घराची आंबील हिंदकळली, गार ओघळ मानेवरून पाठीत उतरला, आणि मडकं सावरत मी पुढं गेले.

शेतात सासूबाईंनी पहिली पळी मातीत ओतली, दुसरी माझ्या ओंजळीत. "आणलीस की नीट. आज येवढं लय झालं."

किती निर्दयी बाई, असं तेव्हा वाटलं होतं. काल वाटी हातात धरून ती वाट मनात पुन्हा चालले, तेव्हा कुठं दिसलं. बांधावरून सगळ्या बायका एकामागं एक चालल्या होत्या. सासूबाई तेवढ्या माझ्या शेजारून, ढेकळांतून, अनवाणी, विहिरीच्या बाजूनं.