दोन्ही याद्यांतले नागोजीअण्णा

यशवंतपूरच्या बाजारामागे नागोजीअण्णांचं घर. पाच पिढ्या बेंगळुरूत गेल्या, त्यामुळे घरात मराठी, दारात कन्नड, आणि राग आला की दोन्ही एकदम. सरकारी कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली, पण लोक त्यांना ओळखत ते बुद्धिबळाचे पंच म्हणून. स्वतःचा खेळ यथातथाच. त्यांची बायको कस्तुरीअक्का म्हणे, "स्वतःला जिंकता येत नाही, म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढत बसतात."

पण पंच असावा तर असा. एकदा कारखान्यातल्या मोठ्या साहेबांच्या मुलीने घोड्याला बोट लावलं आणि हात मागे घेतला. साहेब शेजारीच उभे. सगळे छताकडे बघायला लागले. अण्णा म्हणाले, "शिवलीस ना बाळ? मग आता तोच चालव." मुलगी हरली, आणि अण्णांची बढती चार वर्षं अडली. अक्काने चार वर्षं ऐकवलं, पण शेजारणीला ही गोष्ट सांगताना तिची मान ताठ असे.

अण्णांची इच्छा एकच. देशाच्या स्पर्धेत एकदा पंच म्हणून उभं राहायचं. परीक्षा दिली, पासही झाले. आणि नेमकी तेव्हाच देशाच्या बुद्धिबळ संघटनेची दोन शकलं झाली. दोन अध्यक्ष, दोन शिक्के, कोर्टात दोन वकील. खरी संघटना आमचीच, असं दोघेही सांगत. तिकडच्या स्पर्धेला जो बसेल त्याच्यावर इकडे बंदी, इकडे बसेल त्याच्यावर तिकडे. दोन जावांच्या भांडणात पाहुणा उपाशी, तशी पंचांची गत.

अण्णा दोघांकडेही गेले नाहीत. "एक होऊ देत, मग जाईन," म्हणत थांबले. थांबता थांबता अकरा वर्षं गेली. वय एकोणसत्तर झालं. सत्तरीनंतर पंचाला कोणी बोलावत नाही.

यंदा एकदाचा समेट झाला. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा बेंगळुरूतच ठरली, हेब्बाळला. पंचांची नेमणूक बघणारा सुहास पुण्याहून नोकरीसाठी आलेला. त्याने फोन केला, "काका, तुमचं नाव टाकलंय हं. ब्लेझर रेडी ठेवा."

अक्काने कोट उन्हात घातला, बटणं घट्ट केली. अण्णा आरशासमोर उभे राहून "शांतता राखा" असं तीन भाषांत म्हणून बघत होते.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी सुहासचा पुन्हा फोन. आवाज पडलेला. "काका, अ‍ॅक्चुअली प्रॉब्लेम झालाय. तुमच्यावर बॅन आहे."

"कोणाच्या यादीत?"

"दोन्हीच्या."

अण्णांना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. त्यांच्या मराठी मंडळात गणपतीत बुद्धिबळाची स्पर्धा होते, अण्णा तिथले कायमचे पंच. मांडवाची मागची बाजू उघडी, वाऱ्याने समई विझायची. मंडळाचे अध्यक्ष पद्माकर फुकट मिळेल तो कापडी फलक आणून तिथे बांधत. एका वर्षी एका संघटनेचा मिळाला, पुढच्या वर्षी दुसरीचा. अण्णा दोन्ही वर्षी त्यापुढे खुर्ची टाकून बसले, आणि दोन्ही वर्षी कोणीतरी फोटो काढून विरुद्ध संघटनेला पाठवला. समेट झाला तेव्हा पुढाऱ्यांनी पदं वाटून घेतली, एकमेकांवरच्या बंद्या उठवल्या, आणि बाकीच्यांच्या दोन याद्या टाचणी लावून एक केल्या.

"म्हणजे भांडले ते खुर्चीत," अक्का फोनजवळ येऊन कडाडली, "आणि जो कुठेच गेला नाही तो दाराबाहेर?"

"काकू, काकांचं एक माफीपत्र द्या, मी बघतो," सुहास फोनवरून म्हणाला.

ज्या माणसाने साहेबाच्या मुलीला चाल मागे घेऊ दिली नाही, त्याने न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायची!  तरी अण्णांनी कागद ओढला आणि लिहिलं. इच्छा माणसाकडून काय काय करवते! दुसऱ्या दिवशी कोट घालून हेब्बाळला गेले. टेबलामागच्या सचिवांनी पत्र वाचलं, उलटून बघितलं. "हे आमच्या जुन्या संघटनेकडून चालेल. पण दुसऱ्या संघटनेचीही माफी लागेल."

"मग ती कुठे देऊ?"

"ती संघटना आता बरखास्त झाली, अण्णा."

"मग माफ कोण करणार?"

सचिवांनी चहा पुढे सरकवला. "या वर्षी स्वल्प अ‍ॅडजस्ट करा. पुढच्या वर्षी नक्की."

"पुढच्या वर्षी मी सत्तरचा," अण्णा म्हणाले. चहा तसाच ठेवला. पत्र मात्र परत मागून घेतलं, आणि तिथेच त्याचे चार तुकडे केले. दारातून आत नजर गेली. पटांच्या रांगा मांडलेल्या, पंचांच्या खुर्च्या अजून रिकाम्या. बसमध्ये कोट काढून मांडीवर घेतला.  घरी आल्यावर अक्काने ताट वाढलं आणि कोट खुंटीवर टांगला, कपाटात ठेवला नाही.

तीन आठवड्यांनी गणपती बसले. स्पर्धेच्या सकाळी पद्माकर लगबगीने आले, काखेत गुंडाळी. "अण्णा, या वेळी भीती नाही! एकत्र झालेल्या संघटनेचाच फलक आणलाय, नवा कोरा!"

"बांधा," अण्णा म्हणाले. "पण उलटा बांधा. अक्षरं मांडवाच्या आत नकोत. मागच्या भिंतीकडे."

"अहो, किती छान छापलाय!"

"समई विझू नये म्हणून लागतो ना? उलटा असला तरी वारा अडतोच."

अक्काने कोट आणला होता. अण्णांनी तो घातला, सगळी बटणं लावली, पांढऱ्या फलकापुढे खुर्ची ओढली. पहिल्याच डावात मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे पद्माकरांनीच, उंटाला हात लावून मागे घेतला.

"शिवलात ना?" अण्णा म्हणाले.