अकरा हजारांची बोट

सांगितलेल्या किमतीला सुभेदारसाहेबांनी आयुष्यात एकही वस्तू घेतली नाही. भाजीवाला असो की गाद्या विकणारा, ते आकडा शांतपणे ऐकून घेत, जवानांना हुकूम देण्याच्या आवाजात त्याचा चौथा हिस्सा सांगत आणि उत्तराची वाट न पाहता चालू लागत. मागे बघायचं नाही, हा नियम. "प्रोफेसर, आपण वळून बघितलं की तो दहा रुपये वाढवतो," असं ते मला बजावत. मी लाजेने दोन पावलं मागे राहून चालत असे. दुकानदार हाका मारत तेव्हा त्या मलाच ऐकू येत.

मी दिल्लीतल्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो आणि गुरगावातल्या नव्या सोसायटीत त्यांचा शेजारी होतो. सोसायटीचं नाव विलायती राजवाड्याला शोभणारं होतं. पाणी मात्र टँकरचं. नव्या गुरगावाची ही रीतच होती. आधी कमान उभी राहायची, मग रस्ता, आणि कमानीवर जे लिहिलेलं असेल ते सवडीने.

सुभेदार साताऱ्याकडचे. सैन्यात इंजिनिअर्सच्या पलटणीत होते. नद्यांवर पूल टाकणं आणि बोटींतून माणसं पलीकडे नेणं यात त्यांची नोकरी सरली. त्यांचं स्वतःचं गाव मात्र धरणाच्या फुगवट्यापलीकडे अडकलं होतं. तिथे थोरली बहीण, अक्का, एकटी राहायची. बाजाराला, दवाखान्याला जायचं तर एकच जुनी लाकडी होडी, आणि तिच्या तळातून पाणी वर यायचं. "वल्हवणारा वल्हवतो, आणि अक्का पत्र्याच्या डब्याने पाणी उपसत बसते," ते सांगत. "सत्तरीची बाई. सगळी पलटण पलीकडे नेली मी, प्रोफेसर, आणि घरचं एक माणूस राहिलंय." हे ते नेहमी हसत सांगत, आणि सांगून झालं की लगेच पेपर उघडत.

म्हणून सोहना रोडवर ती बोट दिसली तेव्हा त्यांनी माझी स्कूटर थांबवायला लावली. एका बिल्डरने तिथे तळ्याकाठची वसाहत जाहीर केली होती. माहितीपत्रकात तळं होतं, हंस होते, पांढऱ्या टोप्या घातलेलं कुटुंब होतं. जागेवर होता एक कोरडा खड्डा, आणि विक्रीच्या ऑफिसशेजारी विटांवर चढवलेली फायबरची, इंजिनाची बोट. बाजूला सोनेरी अक्षरांत वसाहतीचं नाव. उद्घाटनासाठी आणलेली ती बोट आता दलाल भाटियाजींमार्फत विकायला होती. प्लॉट, फ्लॅट, जुन्या गाड्या, सगळं भाटियाजींमार्फतच विकलं जाई. कमरेला मोबाइल होता आणि तो वाजला नाही तरी ते अधूनमधून कानाला लावत.

इथे सुभेदारांनी आयुष्यातली एकमेव चूक केली. वस्तूला प्रेमाने हात लावायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. पण ते वाकून बोटीच्या तळाशी गेले, बोटाने सांधा न् सांधा तपासला, आणि खिशातून घडीचा रुमाल काढून सोनेरी अक्षरांवरची धूळ पुसली.

"अंकलजी को पसंद आ गई," भाटियाजी म्हणाले. "साठ हजार."

"ग्यारह."

"अंकलजी, ग्यारह में तो इसका रंग भी नहीं आएगा!"

"रंग आप रखो. बोट दे दो."

सुभेदार चालू लागले. या वेळी मागून हाक आली नाही. आणि स्कूटरपाशी पोचल्यावर त्यांनी मान वळवून बघितलं.

वाटेत मी म्हणालो, "साहेब, तीस म्हणून बघा. ऐकेल तो."

"तीस नाहीत, प्रोफेसर. फ्लॅटचे पैसे भरून अकराच उरलेत."

जन्मभर खोटे आकडे सांगून निम्म्या किमतीत वस्तू आणलेल्या माणसाने पहिल्यांदाच खरा आकडा सांगितला होता, आणि तो कुणाला पटत नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी ते इस्त्रीचे कपडे घालून एकटेच गेले. रविवारी तिथे गिऱ्हाइकं येत, बायकामुलांसह. त्याच्या पुढच्या रविवारी मीही गेलो, तर सुभेदार बोटीत पाठ ताठ ठेवून बसलेले. एक मुलगी विचारत होती, "अंकल, पानी कहाँ है?"

"आएगा, बेटा," सुभेदार गंभीरपणे म्हणाले. "ऑफिसवाले अंकल से पूछो, किस तारीख को."

मुलगी विचारायला गेली. तिच्या पाठोपाठ तिचे वडील गेले. त्यांच्यामागे आणखी दोन कुटुंबं. थोड्या वेळाने तिन्ही कुटुंबं आपापल्या गाड्यांकडे परतली, आणि काचेच्या दारात भाटियाजी मोबाइल कानाला न लावता उभे होते.

तिसऱ्या रविवारच्या आत ते स्वतः आमच्या जिन्यात हजर झाले. "अंकलजी, ग्यारह ही सही. बस, संडे से पहले उठा लो."

"इंजिन के साथ," सुभेदार म्हणाले. "और ट्रक पर चढ़ाएँगे आपके आदमी."

भाटियाजींनी हात जोडले. ते गेल्यावर सुभेदार जिन्यातच पायरीवर बसले. मी पुढे कधीतरी विचारलं, ती युक्ती होती का. "युक्ती कसली?" ते म्हणाले. "म्हटलं, बोट दुसऱ्या कुणाकडे जाण्याआधी एकदा बसून तर घ्यावं."

पुण्याहून मोटारींचे सुटे भाग आणणारे ट्रक परत जाताना रिकामे असत. त्यातल्याच एकावर बोट गेली, आणि ड्रायव्हरशेजारी सुभेदार. महिन्याभराने परत येतो म्हणाले होते. पत्र आलं: फ्लॅट भाड्याने द्या, इथे बोट चालवायला माणूस नाही.

सुभेदार वारले, त्याच्या पुढच्या वर्षी मी त्या गावी गेलो. बोट आता त्यांचा पुतण्या चालवत होता. दिल्लीजवळच्या न झालेल्या तळ्याकाठच्या वसाहतीचं नाव सोनेरी अक्षरांत पाण्यावरून चाललं होतं. तिकडे त्या खड्ड्यावर आता पार्किंग आहे. अक्का समोर बसल्या होत्या, तोच ताठ कणा.

"कितीला घेतली हो ही?"

"अकरा हजारांना."

"जास्तच दिले," त्या म्हणाल्या, आणि मांडीवरचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे केला. डब्यात भाजलेल्या शेंगा होत्या.