पोथीत खोवलेली काडी

देवाचं ऐकतो आहे अशा समजुतीनं मी माझ्या मायला चार दिवस वाट पाहायला लावली. आता केस पिकले, दात गेले, तरी एवढं एक वाक्य लिहिताना हात अडतो. पण लिहिल्यावाचून चैनही पडत नाही. माझ्यावर जी कृपा झाली ती माझ्या मूर्खपणाच्या अगदी मधोमध झाली, आणि मूर्खपणा वगळून कृपा सांगितली तर ती खोटी ठरेल.

त्या काळी मी अमरावतीच्या कापूसबाजारात पारखी होतो. दूर अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस बंद पडलेला, म्हणून विलायतेचे लोक आमच्या वऱ्हाडाच्या बोंडांवर तुटून पडले होते. दिवस उजाडायच्या आत बैलबंड्यांची रांग लागे ती थेट गावाबाहेरपर्यंत. माझं काम एकच. बंडीवरची गठडी सोडायची, वरचा थर सारायचा, दंडापर्यंत हात आत घालून मधला कापूस काढायचा, मग तळचा काढायचा, आणि तिन्ही जागचा कापूस एका तळहातावर धरून मगच तोंड उघडायचं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद वरवर पाहून बोलणाऱ्याच्या पाठीत सरळ धपाटा घालत. मी त्यांचा चांगला चेला होतो, निदान कापसापुरता तरी.

त्याच बाजारात पुस्तकं विकत फिरणाऱ्या एका उपदेशकाकडून मी मराठी बायबलातला नवा करार घेतला होता. वर्षभर चोरून वाचला, मग उघड वाचू लागलो. येशूनं मला धरलं होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. गावातल्या मिशनच्या पाद्रीसाहेबांकडून बाप्तिस्मा घ्यायचं ठरलं होतं. पण मन नवं झालं तरी सवयी कुठं जातात? आमच्या घरी काही अडलं की बाबा आंघोळ करून, डोळे मिटून, पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, सोललेली काडी मिटलेल्या पोथीत खोवायचे. काडी शिरेल तिथली ओळ म्हणजे देवाचा कौल. बाबा गेले, ती काडी माझ्याकडे आली, आणि मी ती खुशाल बायबलात खोवू लागलो. रोज सकाळी एक काडी, एक ओळ, तोच दिवसभराचा हुकूम. मागचं पुढचं पाहायची गरज मला कधी वाटली नाही. पाद्रीसाहेबांना हे कधी सांगितलंही नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

अशात अकोल्याहून दादाचा निरोप आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहराच्या एका बोळात तो मायला घेऊन राहायचा. निरोप घेऊन आलेल्या माणसानं पागोटं न काढताच सांगितलं, "बुढीनं अंथरून धरलं. तुमाले पाहाले मागून राहिली. लवकर या." मी हो म्हटलं, त्याला पाणी दिलं, आणि सकाळी आंघोळ करून काडी खोवली. निघालेली ओळ वाचून अंगावर काटा आला. जो आपल्या आईबापाचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही, अशा अर्थाचं ते येशूचं बोलणं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काडी खोवली, पुन्हा तेच पान. तिसऱ्या दिवशीही तेच. पाद्रीसाहेब खेड्यांच्या दौऱ्यावर गेलेले, त्यामुळे विचारायला कोणी नाही. मी गेलो नाही.

ते दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. बाजारात उभा राहिलो की घरी जाऊन पुन्हा पुस्तक पाहावंसं वाटे, घरी गेलो की भिंती खायला उठत. प्रार्थनेला गुडघे टेकले की डोळ्यांपुढे मायचे पाय यायचे, टाचांना भेगा पडलेले. एवढी मोठी आज्ञा पाळतो आहे तर जिवाला शांती का नाही, असं मी देवालाच विचारत होतो, आणि जरा रागानंच.

चौथ्या दिवशी दुपारच्या सुमाराला मूर्तिजापूरच्या बाजूची एक बंडी माझ्यापुढे आली. बंडीवाला वयानं माझ्याहून थोडा मोठा, उकंडा त्याचं नाव. माझं लक्ष कशातच नव्हतं. मी गठडीवरून चिमूटभर कापूस उचलला, बोटांत चुरला आणि म्हणालो, "वजन वाढवाले पानी मारलं याच्यावर. काढ बंडी बाजूले."

उकंडा जो उसळला! "काय म्हनलं? पानी मारलं? बाप्पा बाप्पा! अहो, पाह्यटेपासून दव पडून राहिलं, वरचा कापूस ओला नाई होईन तं काय होईन? हात घाला न आत! एका चिमटीत अख्खी बंडी पाह्यली काय तुमी? कोनं पारखी केलं तुमाले?"

आजूबाजूचे हसले. माझे कान तापले. मुकाट्यानं मी हात घातला, दंडापर्यंत, मग खांद्यापर्यंत. आतला कापूस कोरडा होता, उबदार होता, आणि धागा असा लांब की त्या हंगामात तसा दोनदाच पाहिला असेल. मी तसाच उभा राहिलो, हात आत, मान खाली. माझ्या तोंडाकडे पाहून उकंड्याचा राग विरला असावा.

"ध्यान कुठं हाय तुमचं, पारखी?"

"माय बिमार हाय माही. अकोल्याले."

"मंग तुमी इथं काय करून राहिले?"

बस्स, एवढंच विचारलं त्यानं. मी हात बाहेर काढला. दंडाला सरकीची कुसं चिकटली होती.

उकंड्याची बंडी रिकामी होईपर्यंत मी कडुनिंबाखाली बसलो आणि पिशवीतलं पुस्तक काढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या ओळीच्या मागं गेलो. मागच्या पानावर मेजवानीची गोष्ट होती. बोलावलं तर एकाला शेत आडवं आलं, एकाला बैल, एकाला नवी बायको. मग गर्दी मजेनं मागे लागलेली, जत्रेला निघाल्यासारखी, आणि तिच्याकडे वळून येशू ते कठोर बोलणं बोलतो. लगेच पुढे म्हणतो, की बुरूज बांधणारा आधी बसून विचार करतो की नाही? म्हणजे तो त्या गर्दीला जागं करत होता, पुढ्यात काय आहे ते नीट समजून या म्हणत होता. मग मी पुस्तकात आणखी खोल हात घातला. एका जागी तो शास्त्रीपंडितांवर संतापलेला सापडला. आईबापांचं जे करायचं ते आम्ही देवाला वाहिलं, असं म्हणून ते हात झटकत होते. हे तर थेट माझंच वर्णन होतं. आणखी पुढे तो वधस्तंभावर होता, श्वास घेणं कठीण झालेलं, आणि तशातही आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली करत होता. तीन जागचं एका तळहातावर धरलं, तेव्हा कुठं मला माल कळला.

"मूर्तिजापूरपर्यंत नेशीन काय मले?" मी उकंड्याला विचारलं.

"बसा," तो म्हणाला. "पन बैल माहे हळू चालतात, घाई करसान तं उतरवून देईन."

तो देवदूत होता वगैरे मी म्हणणार नाही. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास होता आणि वाटभर तो बैलांना जे जे बोलला ते इथं लिहिता येत नाही. पण शंभर बंड्यांतून नेमकी माझ्या वाटेची बंडी माझ्यापुढे उभी राहिली आणि तिच्याच मालकाला मी खोटा ठरवलं, हे मी विसरू शकत नाही. मूर्तिजापुरात त्यानं आपल्या मेव्हण्याला उठवून ताजे बैल जुंपायला लावले. मेव्हणा कुरकुरला तर म्हणाला, "याची माय हाय, बाबू, कापूस नाई."

आणि त्या वाटेवरच एक गोष्ट मी स्वतःशी कबूल केली. पहिल्या सकाळी काडी एकदा नव्हती खोवली, दोनदा खोवली होती. पहिल्या खेपेला पुस्तकाचं पहिलंच पान निघालं होतं, येशूच्या पूर्वजांची नावं, अमक्याचा तमका, तमक्याचा अमका. यात कसला आलाय कौल, म्हणून मी पुन्हा खोवली. आणि ती कठोर ओळ निघाली तेव्हा अंगावर काटा आला हे खरं, पण आत कुठंतरी हायसंही वाटलं होतं. अकोल्याला गेलो तर दादा बाटगा म्हणणार, माय रडणार, मला ते तोंड द्यायचं नव्हतं. जायचं नव्हतंच मला. ओळ माझ्या सोयीची निघाली आणि मी तिला देवाचं नाव दिलं. पुढच्या दोन सकाळी काडी तिथंच शिरली यात नवल कसलं? एकदा दाबून उघडलेलं पुस्तक त्याच पानावर उघडतं.

दारात दादा उभा होता. "आला? आठ दिस झाले निरोप धाडून," एवढं बोलून तो बाजूला सरकला. आत मायचं अंथरूण खिडकीखाली होतं. ती इतकी बारीक झाली होती की गोधडीखाली कोणी आहे असं वाटेना. डोळे उघडून तिनं पाहिलं.

"आला काय रे मुडद्या? कुठं मेला होता?"

मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडलो. मग सगळं सांगितलं, काडी, ओळ, चार दिवस, दोनदा खोवली तेसुद्धा. मला वाटलं आता ही माझ्या देवाला शिव्या घालणार.

"आता मी तुले मुडद्या म्हनलं," ती म्हणाली. "कुठं मेला होता म्हनलं. मंग तू मेला काय?"

"नाई."

"माय आपल्याले मारून राहिली, असं वाटलं काय तुले?"

"नाई, माय."

"कावून नाई वाटलं? तुले मी ठाऊक हाय म्हनून. थो बोलनारा कोन हाय, कसा हाय, हे ठाऊक नसतानी त्याचं एक बोलनं धरून बसला तू? येडा कुठला! वाच, पह्यल्यापासून वाच. आयकू दे मले कोन हाय थो."

मोठमोठ्या शिकलेल्या लोकांकडून पुढं मी पवित्र शास्त्र कसं वाचावं ते ऐकलं. मायनं त्या दुपारी सांगितलं त्यापलीकडचं फार थोडं होतं.

मी पहिल्या पानापासून सुरू केलं. नावांची यादी, मधूनच येणाऱ्या चार बायांच्या नावांसकट, मी पळवत होतो तर तिनं थांबवलं. "घाई कायची? मानसाचं घरदार कळलं पाह्यजे अगोदर. थ्या बाया कोन होत्या, पुन्हा वाच." मी टाकून दिलेलं पान ती दोन वेळा ऐकत राहिली. नऊ दिवस रोज असं वाचन झालं. दादा उंबऱ्यात पाठ करून बसायचा, आत यायचा नाही, पण उठूनही जायचा नाही. आठव्या दिवशी मी, बसला का तुझा याच्यावर विश्वास, असं विचारलं तरी मायनं काही कबूल केलं नाही, फक्त म्हणाली, "मानूस बरा हाय. पोटतिडकीनं बोलते." नवव्या दिवशी येशू वधस्तंभावर गेला. त्याला कबरेत ठेवून वर धोंडा लोटेपर्यंत मी आलो आणि माय म्हणाली, "थांब. थकली मी. तिथं काडी ठेव, बाकीचं उद्या आयकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं हाक मारली तेव्हा ती गेली होती.

पुस्तक तिच्या उशाशीच होतं, काडी धोंड्यापाशी. त्या शुभवर्तमानाचं पुढं एकच पान उरलं होतं. मी चार दिवस आधी आलो असतो तर ते पान तिनं ऐकलं असतं. या विचारानं मी किती गलबललो ते सांगता येत नाही. भाऊबंद जमत होते, बाहेर तिरडीची तयारी चालली होती, आणि मी भिंतीला टेकून पुस्तकाकडे नुसता पाहत होतो. दादा आत आला. मला वाटलं आता हा ते उचलून फेकणार. तो मायच्या उशाशी बसला, तिची गोधडी नीट केली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वाच. उद्या आयकतो म्हनली होती थे."

मी वाचलं. पहाटे बाया कबरेकडे निघाल्या आहेत, आणि धोंडा बाजूला सरलेला आहे, कबर रिकामी आहे, येशू पुन्हा जिवंत उठला आहे. शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं, आणि दादा शेवटपर्यंत बसून राहिला.

पुढं मी बाप्तिस्मा घेतला. उकंडा दर हंगामात भेटायचा आणि लांबूनच ओरडायचा, "काय पारखी, हात घातला काय आत?" आणि मी दंड वर करून दाखवायचो. ती पऱ्हाटीची काडी अजून माझ्या बायबलात आहे. कौल घ्यायला नाही, आज कुठवर वाचलं ते उद्या सापडावं म्हणून. देवाकडून माझ्या मनासारखी ओळ काढून घेण्याचा नाद मी सोडला. तो बोलेल तिथून ऐकायचं, कळलं नाही तर थांबायचं, पुन्हा मागपासून वाचायचं, इतकंच आता माझ्या हाती ठेवलं आहे. जिवाची तगमग अजून होते, नाही असं नाही. होते तेव्हा मी पहिलं पान काढतो आणि ती नावं सावकाश वाचतो, मायला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.