पत्रीच्या शेजारचं सोनं

अंकुशनगरच्या कारखाना रस्त्यावर माझ्या नावाला आज जी काही इज्जत आहे ती आमच्या घरमालक चाचांच्या कानांची देणगी आहे, हे आधी सांगून टाकतो. काय घडलं ते मागून. मी चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्याही पलीकडचा. सातवीत शाळा सुटली, वेल्डिंग हाताला लागलं आणि उसाच्या ट्रॉल्या जोडत जोडत इथवर आलो. शेजारी कुणाचं भांडं पडलं तरी आपलंच काही चुकलं का म्हणून मी आधी स्वतःचे हात बघायचो. अशा घाबरट माणसाला ज्यांनी खोली दिली ते हे चाचा. जालना जिल्ह्यात जमीन कसणारे पुष्कळ आहेत, विकणारेही आहेत, पण जमिनीचं म्हणणं शांतपणे ऐकून घेणारा माणूस एकच, आणि मी त्यांच्याच पत्र्याखाली राहतो.

चाचा कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा लोकांनी त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांना हवं होतं मेटल डिटेक्टर. सोन्याची हाव म्हणाल तर बिलकुल नाही. जमिनीखाली काहीतरी आहे आणि ते आपल्याला माहीत नाही, ही गोष्टच त्यांना सहन व्हायची नाही. पण ते यंत्र निवडायला त्यांनी इतका वेळ लावला की तेवढ्यात आमच्या गल्लीत दोन लग्नं जमली आणि एक मोडलं. महागडी यंत्रं त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केली. "तेच्यावर नकाशा दिसतो म्हने. मला काय वाटूरला जायचा रस्ता घावत न्हाई का?" अगदी स्वस्त यंत्र एका भाच्यानं आणून दिलं, तर ते खिळ्यालाही ओरडायचं, बाटलीच्या बुचालाही ओरडायचं, आणि एकदा चाचांच्या चपलेला ओरडलं. चाचांनी ते त्याच दिवशी परत केलं. "सगळ्यायला एकाच आवाजात हाका मारनारा मानूस आन् मशीन, दोन्ही घरात ठेवू नये." एक जण गुप्तधनाकडे आपोआप वळणारी पितळी छडी घेऊन आला होता. चाचांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "ही छडी आधी तुमच्या घराकडं वळवा, मंग मी घेतो."

खरी परीक्षा निराळीच होती. चाचांनी बिस्किटाच्या डब्यात शेतातली माती भरली होती. तिच्यात एक पत्री, म्हणजे उसाच्या गाडीच्या बैलाच्या खुराला ठोकतात ती लोखंडी चकती, आणि तिला चिकटून चाचींची सोन्याची बाळी पुरलेली. हा डबा काखेत घेऊन ते दुकानं पालथी घालायचे. "आपल्या मातीत बैलायनं जेवढं लोखंड पेरलंय तेवढा कापूस कुनी पेरला न्हाई. लोखंड तर कोनतीबी मशीन ऐकती. पत्रीच्या शेजारी सोनं बसलंय, हे जिला कळंल ती आपली." दुकानदार यंत्राची माहितीपत्रिका पुढे करायचे, चाचा डबा पुढे करायचे. डब्यापुढे एकेक यंत्र माना टाकायचं. दरम्यान एका कानात बाळी नसलेल्या चाची कपाळाला हात लावून म्हणायच्या, "लोगां रिटायर होके घर में बैठतें, इनो मेरा कान खाली करके फिर रै."

शेवटी जालन्यात एका भंगारवाल्याकडे एक जुनं यंत्र डब्यावर धरलं आणि ते आधी घुर्र झालं, मग त्या घुरघुरीतूनच बारीक टिंग वाजलं. चाचांनी डोळे मिटले. मुलीला स्थळ पसंत पडल्यावर बाप मिटतो तसे. दर आवाक्यातला होता, सेल हातातल्या बॅटरीचेच चालत होते, वजन खांद्याला झेपत होतं, आणि बाळी चाचींच्या कानात परत गेली.

त्यानंतर चाचा रोज सकाळी कुणाच्या तरी मोकळ्या रानात दिसायचे, मालकाला विचारून, कानाला हेडफोन लावून. सापडायच्या त्या पत्र्या, विळ्याचं पातं, ट्रॅक्टरची पिन. एकदाच निजामाच्या काळातला भोकाचा पैसा सापडला, तर जमिनीतलं सापडलेलं सरकारला दाखवायचा कायदा आहे म्हणून ते तो घेऊन तहसील कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी पैसा उलटासुलटा बघितला, भोकातून खिडकीबाहेर बघितलं आणि चाचांना चहा पाजून पैशासकट परत पाठवलं. गाव हसायचं. मीही हसायचो, तोंड फिरवून.

मग पोळा आला. शेजारच्या आबांचा गडी गावी गेलेला, म्हणून त्यांच्या हौश्या बैलाचा कासरा माझ्या हाती आला. पोळ्याला इथे बैलाच्या कपाळाला सोनं लावायची रीत आहे, आमच्याकडे नाही. आबांच्या घरच्या काकूंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून हौश्याच्या कपाळाला लावलं, पुरणपोळीच्या ताटात ठेवलं आणि कुंकवाचा करंडा घ्यायला वळल्या. हौश्यानं ताटात तोंड घातलं, मान झटकली, पोळ्या चिखलात गेल्या, आणि काकू वळल्या तेव्हा ताटात सोनं नव्हतं. अंगण हातानं चाळलं, मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोरांचे डॉक्टर आले. म्हणाले, गिळलं असेल तर पोट फाडून काढावं लागेल, पण बैलाचं वय बघता तो उठेलच असं सांगता येत नाही. आबा हौश्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "आधी हे तर ठरवा, बैलानं गिळलं का कासरा धरनारानं." कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि सगळे माझ्याकडे बघत नाहीत हे मला दिसत होतं. पोट फाडून काही निघालं नाही तर मी चोर, निघालं आणि बैल मेला तरी कासरा माझ्याच हातात होता. खोलीतली पिशवी कशी भरायची ते मी मनात ठरवायला लागलो.

तेवढ्यात आदल्या दिवशी बाहेरगावी गेलेले चाचा आले, यंत्र खांद्यावर. "पहिले नवरदेवाचे दागिने उतरवा," म्हणाले. घुंगुरमाळ, शिंगांच्या पितळी शेंब्या, झूल, सगळं उतरवून लांब ठेवलं. त्यांनी हौश्याच्या पोटावरून यंत्र फिरवलं. घुर्र. "वायरचा तुकडा हाय पोटात. सोनं न्हाई." डॉक्टरांनी पिशवी बंद केली, आबांनी श्वास सोडला, आणि आता मात्र सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बैल सुटला होता. उरलो मी.

चाचांना घाई नव्हती. ते एकेका खुरापाशी वाकले. घुर्र. घुर्र. "चाचा, पत्री हाय ती, तिथं काय बघून राह्यले?" आबा म्हणाले. चाचांनी हात वर केला. मागच्या उजव्या खुरापाशी ते पुन्हा गेले, पुन्हा, आणि त्यांनी डोळे मिटले. तसे मिटलेले डोळे मी भंगारवाल्याच्या गोष्टीत ऐकून होतो. "चांदेवाले, पाय उचल तेचा."

मी पाय उचलला. दोन नख्यांच्या मधे वाळलेला चिखल, त्यात मळलेलं पुरण, आणि पुरणात गोळा होऊन बसलेली साखळी, दोन वाट्यांसकट. काकू मटकन ओट्यावर बसल्या आणि रडता रडता हसायला लागल्या. चाचांनी हेडफोन गळ्यात उतरवला आणि जमलेल्या मंडळींना एवढंच म्हणाले, "डब्याला हसले व्हते ना?" त्या दिवशी हौश्याच्या मागोमाग चाचांनाही ओवाळलं, आणि तिसरं ताट माझ्यापुढे आलं. आबांनी स्वतःच्या हातानं वाढलं.

हल्ली चाचांचा उजवा कान कमी ऐकतो. घुर्र कळतं, टिंग निसटतं. सुट्टीच्या दिवशी ते हेडफोन माझ्या कानाला लावतात आणि तोंडाकडे बघत बसतात. "काय म्हनती जमीन?" मी सांगतो, ते मान डोलवतात. आमच्या चांद्याकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं आहेत, बैलांना पत्री मारत नाहीत, माती अगदी निवांत. चाचा, एका हिवाळ्यात तुम्हाला आणि चाचींना मी तिथे घेऊन जाणार. माझ्या आईच्या हातचा भात खायचा आणि बांधावरून चालायचं. तिथे लोखंडाची घुरघुर नाही. बारीकातली बारीक टिंगसुद्धा तुम्हाला तुमच्याच कानानं ऐकू येईल.