कोरड्या धरणातली नाव

बीड जिल्ह्यात पाण्याशिवाय नावेची गळती शोधणारा माणूस आजवर एकच झाला आहे, आणि तो माझ्या थोरल्या आत्याचा नवरा आहे. हे मी नात्यातला म्हणून सांगत नाही. नात्यातल्या माणसांबद्दल चांगलं बोलायची आमच्या घरात पद्धतच नाही. आमच्याकडे पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त; मी अक्षरं ओळखायला शिकलो तो ‘बंधू-भगिनींनो’पासून. त्यामुळे एका माणसाचं कौतुक करण्यापेक्षा सगळ्या जनतेचं करणं मला सोपं जातं. पण हे आमचे आतोबा जनतेत बसत नाहीत. ते जनतेच्या जरा बाजूला उकिडवे बसलेले असतात आणि कशाला तरी कान लावून ऐकत असतात.

त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, गळणाऱ्या आणि अजून न गळणाऱ्या. पंगतीत पाण्याचा जग आला की ते आधी तो डोक्यावर धरून त्याचं बूड बघतात. एसटीत बसले की छताच्या पत्र्यावरून बोट फिरवतात आणि कंडक्टरला शांतपणे सांगतात की पावसाळ्यात या सीटवर कुणाला बसवू नका. एकदा चुलतभावासाठी मुलगी बघायला त्यांना दिंद्रुडला नेलं होतं. सगळे आत पोहे खात बसले आणि हे ओसरीवर रांजण ठोकत बसले. परतताना सगळ्यांनी मत विचारलं, तेव्हा म्हणाले, “रांजण झिरपतोय. पन झिरपलेलं पानी तुळशीला जाईल असा ठेवलाय. माणसं बरी हायत.” सोयरीक तेवढ्यावर जमली, आणि चांगली निघाली.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी धरण आटत आटत पार भिंतीपाशी गेलं, आणि आमच्या मच्छीमार सोसायटीची एकुलती एक नाव पाण्यापासून दोन कोस लांब, भेगाळलेल्या गाळावर बसून राहिली. त्याच उन्हाळ्यात एका ठेकेदारानं वर अर्ज दिला की सोसायटी बंद पडली आहे, नाव मोडीत निघाली आहे, तेव्हा मासेमारीचा हक्क मला द्या. खात्याचे साहेब तपासणीला येणार असं कळलं. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांचीच ही सोसायटी. हक्क गेला तर आपल्याच जमिनीवरच्या पाण्यात ठेकेदाराचे मजूर व्हायचं, नाहीतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं. आतोबांनी बारा हंगाम ऊस तोडला होता. तो कोयता पुन्हा हातात धरणार नाही, एवढं एकच वाक्य मी त्यांच्या तोंडून ठणकावून ऐकलेलं आहे. बाकी सगळं ते पुटपुटतात.

चेअरमनचा सल्ला सरळ होता. नावेला बाहेरून डांबर फासा, चकचकीत दिसेल, साहेब बघून जाईल. आतोबांनी बराच वेळ विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, “साहेब फसंल. पानी न्हाई फसायचं.” मग चौघांना घेऊन त्यांनी नाव पालथी घातली आणि भर दुपारी तिच्याखाली शिरून पाठीवर निजले. मी बोलवायला गेलो तर मलाही आत ओढलं. बाहेर सगळं पांढरं जळत होतं, आत गार अंधार होता, जुन्या माशांचा वास होता, आणि वर फळ्यांमधून उन्हाचे बारीक बारीक ठिपके लुकलुकत होते. आतोबा एकेका ठिपक्याभोवती खडूनं गोल काढत होते आणि प्रत्येकाची चौकशी केल्यासारखं काहीतरी बोलत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आत शेणीचा धूर केला आणि बाहेरून नावेभोवती नाक लावत फिरले. धुरानं आणखी सहा जागा सांगितल्या. तरी त्यांचं समाधान होईना. ऊन सरळ जातं, धूर वर जातो, पण पाणी वाकडं चालतं, म्हणून खरी साक्ष पाण्याचीच, असं त्यांचं म्हणणं. नाव पाण्यात नेता येत नव्हती, तेव्हा त्यांनी ठरवलं की पाणी नावेत न्यायचं.

इथं माझं आणि त्यांचं वाजलं. गावात टँकर चौथ्या दिवशी येत होता. अशा वेळी नावेला न्हाऊ घालणं हा मला लोकद्रोह वाटला. मी रातोरात म्हणतात तसं, पण खरं तर सकाळच्या चहाच्या आत, पत्रक लिहिलं: ‘माणूस तहानलेला आणि लाकडाला अभिषेक?’ शंभर प्रती छापून आणल्या आणि पहिली सोसायटीच्या दारावरच डकवली, सात गावात वाटल्या. आतोबांनी दोरा बांधलेला चष्मा लावून ते दोनदा वाचलं. म्हणाले, “झाक लिवलंस. अजून किती हायत?” मी फुगून ब्याण्णव सांगितल्या. ब्याण्णवच्या ब्याण्णव त्यांनी मागून घेतल्या.

तोवर मला त्यांची योजना ठाऊक नव्हती. ते बैलगाडीवर पत्र्याचं टिपाड ठेवून घरोघर फिरले आणि फक्त डाळ-तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी मागून आणलं. ते एरवी जनावरांना जातंच. त्यांनी गावाला शब्द दिला होता की दिवसभर पाणी नावेत राहील आणि संध्याकाळी जनावरं नावेतूनच पितील. गळेल तेवढंच नुकसान. नाव दगडांवर सुलटी ठेवली होती आणि तिच्याखाली माझी पत्रकं ओळीनं अंथरली होती, कारण तापलेली माती थेंब गिळते आणि खूण ठेवत नाही. पाणी ओतलं तसे ‘अभिषेक’वर दोन थेंब पडले, ‘जनता’ पार विरघळली. माझ्या लिखाणानं काही सापडण्याची ती पहिलीच वेळ.

पण थेंब पडले ते चाळीस ठिकाणी. सोसायटीच्या चिटणिसाचा आणि माझा धीर सुटला. आतोबा टिपाड भरायला गेले होते तेवढ्यात आम्ही दोघांनी तेलात बुडवलेला कापूस घेतला आणि छिन्नीनं एका बाजूचे सगळे सांधे ठासून भरले. तिसऱ्या दिवशी लाकूड फुगलं. फळीला सरकायला जागा उरली नव्हती. तिनं कडकन आवाज केला आणि खिळ्यांसकट बाहेर आली. आतोबांनी खाली बसून त्या भगदाडातून हात आरपार घातला. मला वाटलं आता शिवी येणार. ते म्हणाले, “लेका पुढारी, ह्यातली चार-पाचच गळती हुती. बाकीची तहान हुती. वाळल्यालं लाकूड पानी पिऊन आपसूक मिटतं. तुमी तिला पिऊच दिलं न्हाई.”

साहेब यायला आठ दिवस उरले होते. आतोबांनी गोठ्याच्या दाराची सागवानी फळी काढून आणली. आत्यानं मला निरोप धाडला की म्हशींना आता दार नाही, पुढाऱ्यानं राखणीला यावं आणि येताना पत्रकं आणू नयेत. आतोबा ती फळी इतक्या हळू तासत होते की बघताना माझे दात शिवशिवायचे. रंध्याची सालपटं वाऱ्यानं भेगांवरून लांब पळायची आणि ते हात थांबवून त्यांच्याकडे बघत राहायचे. फळी बसवून, त्या चार-पाच गळत्या बुजवून पुन्हा पाणी भरलं, तशा संध्याकाळी म्हशी येऊन नावेच्या कडेवर हनुवट्या टेकायच्या. दोन कोस पाणी नसलेल्या त्या रानात नावेतून पाणी पिणाऱ्या म्हशी बघून मला माझ्या सगळ्या घोषणा थोडा वेळ आठवायच्या नाहीत.

साहेब आले. नाव काठोकाठ भरलेली होती आणि खालचा कागद कोरडा होता. ठेकेदाराचा माणूस हसून म्हणाला की ही नाव आहे का हौद. आतोबा पुटपुटले, “जी आतलं भाईर सोडंना, ती भाईरचं आत कशाला घेईल?” साहेबांनी कागद उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला, सुदैवानं वाचला नाही. पण भल्या माणसानंही शेरा अर्धाच लिहिला: पाणी आल्यावर नाव सभासदांसह तरंगली तर हक्क सोसायटीचा.

आमच्याकडे पाऊस पडलाच नाही. वरच्या अंगाला कुठंतरी पडला आणि एके दिवशी गाळाच्या भेगांमधून पाणी आवाज न करता पुढं सरकू लागलं. नाव ओढायची नाही, पाणी येईल तिच्यापाशी, असं आतोबांनी बजावलं होतं. आतलं पाणी आम्ही उपसून टाकलं, आणि चौथ्या दिवशी बाहेरचं पाणी तिला सगळीकडून भिडलं. साहेबांची जीप काठावर थांबली. चेअरमन, चिटणीस, मी आणि आतोबा नावेत चढलो. आतोबा तळाच्या फळ्यांवर आडवे झाले आणि गालानं लाकूड चाचपत राहिले. बऱ्याच वेळानं चिटणीस कुजबुजला की ती बाभळ हलायलीय. बाभळ जागच्या जागी होती. आम्हीच निघालो होतो. नाव कधी उचलली गेली ते कुणालाच कळलं नव्हतं.

काठावर साहेबांनी हात वर केला, माणसं ओरडली. तेव्हा ध्यानात आलं की सगळा उन्हाळा गळतीच्या नादात गेला आणि वल्ही घरीच राहिली. आम्ही वाऱ्यासोबत आत आत चाललो होतो, ज्यांच्या त्यांच्या बुडालेल्या वावरांवरून. आतोबांना विचारावं म्हणून चेअरमननं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. आतोबा झोपले होते. त्यांच्या गालाखालची फळी कोरडी होती. इतके महिने ते असे झोपले नसावेत. चेअरमननं टोपी काढून त्यांच्या तोंडावर ऊन येणार नाही अशी धरली, आणि आम्ही जाईल तिकडं जात राहिलो.