सुपाची पेटी

मोठीमायबद्दल लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि राजकारण मला वर्गात शिकवलं तेवढंच कळतं. लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, तेही ठाऊक नाही. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ती लवकर विधवा झाली आणि आमच्याच घरात राहून आपली धानाची शेती स्वतः करू लागली. आमचं गाव आमगावापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. गावाला मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा, मोठा तलाव आहे. मालगुजारी गेली, तलावाचा कारभार पंचायतीकडे आला, पण पाटाचं पाणी पूर्वीसारखंच वरच्या बांध्यांत मुरत राहिलं. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा बांधानं वेढलेला तुकडा. मोठीमायची बांधी पाटाच्या अगदी शेवटी होती. तिच्यासारखे आणखीही पुष्कळ जण तिकडे होते. धान निसवायला, म्हणजे लोंब्या धरायला आलं, की नेमक्या त्या दिवसांत तिथल्या मातीला भेगा पडायच्या.

पंचायतीत एक बाई हवी म्हणून सुरुवातीला तिला नेमून घेतलं. ती एकही बैठक चुकवायची नाही आणि दर वेळी पाण्याचं विचारायची. सरपंच म्हणायचे, "बाई, तुमी बसा. चाय येऊन राहिला."

असा पुष्कळ चहा पिऊन झाल्यावर ती घरी येऊन म्हणाली, "नेमलेल्या बाईचं कोणी आयकत नाही. आता निवडून येतो."

तेव्हा मतदान पेट्यांनी झालं. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याच्या चिन्हाचं चित्र. आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची, एवढंच काम. मोठीमायला चिन्ह मिळालं सूप. बाया खूश झाल्या. पण सूप आमच्याकडे पूजेचं असतं. वाण द्यायचं ते सुपात मांडून, वर हळदकुंकू वाहून. बायांनी तसंच केलं. चित्राला कुंकू लावलं, चार तांदूळ वाहिले, चिठ्ठी पेटीच्या वर अलगद ठेवली, हात जोडले आणि बाहेर आल्या. पेटीवरच्या चिठ्ठ्या मोजणीत धरत नाहीत, असा नियम होता. मोठीमाय पडली.

पुढं कित्येक दिवस ती दुकानात गेली, की कोणीतरी विचारायचं, "का बाई, प्रसाद कवा वाटता?"

ती म्हणायची, "पाणी आल्यावर."

पुढची निवडणूक आली तेव्हा मी नागपूरला शिकत होतो आणि सुट्टीत घरी आलो होतो. जेवताना वडील तिला म्हणाले, "वैनी, एकडाव हसू झालं. आता पुन्हा कायले?"

"पाणी आलं का, भाऊजी?"

"नाही."

"मंग?"

वडिलांनी वरणाची वाटी पुढं ओढली. मी भीतभीत म्हणालो, "मोठीमाय, निदान चिन्ह तरी दुसरं माग."

"काऊन? सुपानं काय केलं? सूप बायाईले ओळखू येते. टाकाचं कसं, तेवढं शिकवू."

तिनं घासलेटच्या रिकाम्या डब्याला वरून फट पाडून घेतली, माझ्याकडून कागदावर सूप काढून घेतलं आणि डब्याला चिकटवलं. धानाचा रोवणा लागला होता, लावणीची घाई होती. दुपारी चिखलातून बाया जेवायला वर आल्या, की डबा बांधावर ठेवलेला असायचा. प्रत्येकीनं पळसाचं पान दुमडून फटीत टाकायचं आणि मगच शिदोरी सोडायची.

एक म्हातारी अडून बसली. "काऊन वो, पूजेच्या सुपात असं कोंबाचं का? पाप नाही लागन?"

"नातवाले घास भरवतेस, तवा डोक्शावर ठेवतेस का?"

"हिचा नातू डोक्शालेच माखते, बाप्पा," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या बांधावर हसू लागल्या.

"मंग या पेटीलेबी तोंड हाय, हे पाय," मोठीमाय म्हणाली. "आधी घास, मंग टिका. कुकू लावू नोका असं मी म्हणतच नाही."

म्हातारीनं पान फटीत घातलं आणि बोटानं आतवर ढकललं. मग डब्याला हात जोडले.

कॉलेज उघडलं, मी नागपूरला परतलो. मतदान पोळ्यानंतर होतं. पोळा होऊन गेला, निकालाचं काहीच कळेना. घरात लिहिणारं कोणी नव्हतं, पण गावाकडचा कोणी ना कोणी येत असायचा, आणि माझ्या प्रश्नावर प्रत्येक जण विषय बदलायचा. पुन्हा पडली, असं मी समजून गेलो. मेसमध्ये भात वाढला, की मला त्या भेगा आठवायच्या.

दिवाळीच्या थोडं आधी आमचा शेजारी वसतिगृहावर आला. त्यानं पोह्यांची पुरचुंडी खाटेवर ठेवली आणि सांगितलं, "तुही मोठीमाय तं मतमोजणीच्या दिवशीच निवडून आली. पेटी कुकवानं लाल झाली होती, पण वर एक चिठ्ठी नव्हती."

"मग मला इतके दिवस कोणी सांगितलं काऊन नाही?"

"तिनंच बजावलं होतं. म्हणे, निवडून आली त्याचं पोराले काय सांगता? पाणी पोचन तवा सांगजा."

"मग?"

"परवा पोचलं," तो म्हणाला. "तिच्या बांधीत घोट्याएवढं पाणी पाहून निघालो मी."